होंडा खेळताना हात कुठे चुकतो: ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मधल्या सुमो पैलवानाची पायरीवार तयारी

हेडबट (डोकं पुढे करून मारलेली झेप) मारायला जावं तर होंडा जागच्या जागी पंच मारतो. ओइचो थ्रो (जवळून पकडून आपटणं) करायला जावं तर पुन्हा पंचच. समोर र्‍यू असला की त्याने लांबून फेकलेले फायरबॉल अडवता अडवताच राउंड संपतो. ई. होंडा शिकणाऱ्यांच्या या तीन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात आणि तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. बटण वेळेवर दाबलेलं असतं, पण त्याआधीचा सेकंदभर स्टिक भलत्याच जागी असते. होंडाची जवळजवळ प्रत्येक कामाची चाल बटणाच्या आधी सुरू होते, म्हणून इथे बटणांपेक्षा स्टिकवर जास्त लिहिलं आहे.

वर्णन १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमचं आहे. मागे म्हणजे समोरच्यापासून दूर, पुढे म्हणजे त्याच्या दिशेने. होंडा स्क्रीनच्या कुठल्याही बाजूला असला तरी हेच धरा.

## १. आधी आवृत्ती तपासा

‘स्ट्रीट फायटर २’ या नावाखाली पाच वेगवेगळे गेम आहेत आणि होंडाच्या चाली प्रत्येकात सारख्या नाहीत. २०१८ च्या ‘स्ट्रीट फायटर ३०थ ॲनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये हे पाचही आहेत. यादीतली नावं इतकी एकसारखी दिसतात की चुकीचा गेम उघडून तासभर अशक्य चालीचा सराव करणारे बरेच भेटतात.

- १९९१ चा मूळ गेम आणि १९९२ ची ‘चॅम्पियन एडिशन’: फक्त सुमो हेडबट आणि हंड्रेड हँड स्लॅप (थापडांचा भडिमार).
- ‘टर्बो: हायपर फायटिंग’ (१९९२): यात सुमो स्मॅश (उंच उडून बसकण मारणं) आला.
- ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ (१९९४): ओइचो थ्रो आणि ओनी मुसो ही सुपर चाल इथे आली.

तपासा: खेळताना खाली सुपरचा मीटर (भरला की सुपर चाल निघते ती पट्टी) दिसतो का? दिसत नसेल तर आवृत्ती दुसरी आहे. तिथे ओइचोसाठी अंगठा झिजवू नका.

## २. बटणं आणि स्टिक

सहा बटणं लागतात. वरच्या ओळीत लाइट, मीडियम आणि हेवी पंच, खालच्या ओळीत त्याच क्रमाने किक. साध्या गेमपॅडवर लाइट आणि मीडियमची चार बटणं समोर ठेवा, हेवी पंच आणि हेवी किक खांद्यावर न्या. लाइट पंच मात्र अंगठ्याला सगळ्यात सोप्या जागी हवा. होंडाचं सर्वांत मोलाचं हेडबट त्याच बटणावर आहे.

दिशेसाठी गेमपॅडची गोल ॲनालॉग स्टिक शक्यतो टाळा, डी-पॅड वापरा. होंडाचा बहुतेक वेळ खाली-मागे या कोपऱ्यात जातो आणि गोल स्टिकवर तो कोपरा बोटाला जाणवत नाही. चौकोनी खाच असलेल्या आर्केड स्टिकवर तो टक्कन लागतो.

घसरलेलं बोट डोळ्यांना दिसत नाही, हा यातला खरा त्रास आहे. खाली-मागेवरून नुसतं मागे गेलात तर होंडा उभा राहतो आणि चूक कळते. नुसतं खाली गेलात तर तो बसलेलाच राहतो. दिसायला सगळं ठीक, पण मागचा चार्ज, म्हणजे स्टिक मागे धरून ठेवल्याने चालीसाठी भरलेली तयारी, गेलेला असतो.

तपासा: खाली-मागे दोन सेकंद धरा, पुढे ढकला, पंच दाबा. असं दहा वेळा करा. दहापैकी दोन-तीन वेळा जरी नुसता पंच आला, तरी बोट खाली सरकतंय असं समजा. पकड बदला, मगच पुढे जा.

गेमचा वेगही एकदाच ठरवा. चार्जचा हिशेब गेमच्या फ्रेमवर (पडद्यावरच्या एकेका चित्रावर) चालतो, त्यामुळे वेग वाढवला की तोच चार्ज घड्याळाच्या हिशेबाने लवकर भरतो. मंद वेगावर मनात बसवलेली मोजणी जलद वेगावर लागू पडत नाही. ज्या वेगावर सामने खेळणार, त्याच वेगावर शिका.

## ३. खाली-मागे: होंडाचं घर

हेडबटला मागचा चार्ज लागतो, स्मॅशला खालचा. खाली-मागे धरलं की दोन्ही एकदम भरतात आणि वर जमिनीवरचे हल्लेही अडवले जातात. चार्जला साधारण एक सेकंद लागतो. सुरुवातीला मनात सावकाश दोन आकडे मोजा. मोजणी कमी करण्याची घाई करू नका, ती आपोआप होते.

कुठल्या दिशेने काय टिकतं, हे पाठच करा.

- मागचा चार्ज टिकतो: मागे, खाली-मागे, वर-मागे.
- खालचा चार्ज टिकतो: खाली, खाली-मागे, खाली-पुढे.

यातून निघणारे काही बारकावे सामन्यात सतत उपयोगी पडतात. समोरच्याने उडी मारून हल्ला केला तर तो उभं राहूनच अडवावा लागतो. म्हणजे खाली-मागेवरून मागे यायचं. मागचा चार्ज शाबूत राहतो, खालचा जातो. अशा वेळी उत्तर हेडबटनेच द्यायचं, स्मॅश निघणार नाही. उलट एक पाऊल जरी पुढे चाललात तरी मागचा चार्ज शून्यावर येतो, मग तो कितीही वेळ भरलेला असो.

चार्ज भरायला होंडा मोकळा असण्याची गरज नाही. तो जमिनीवर पडलेला असताना, मार अडवत असताना, हवेत असताना, स्वतःची चाल चालू असतानाही स्टिक खाली-मागे धरली की चार्ज भरतो. हा फुकटचा वेळ आहे आणि नवखे खेळाडू तो स्टिक मोकळी सोडून वाया घालवतात.

सावधान: समोरचा डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला की मागे-पुढे उलटतं. जुन्या चार्जवर विसंबू नका. लगेच नव्या बाजूचं खाली-मागे धरा.

## ४. सुमो हेडबट

१. खाली-मागे धरून चार्ज भरा.
२. स्टिक सरळ पुढे न्या. खाली-पुढेवर अडकू देऊ नका.
३. स्टिक पुढे पोचली की पंच दाबा.
४. पंच दाबताक्षणी पुन्हा खाली-मागे.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात. हेडबट लागो वा अडवलं जावो, होंडा परत जमिनीवर येईपर्यंत बराच वेळ जातो. तेवढ्यात स्टिक खाली-मागे असेल तर उतरल्यावर पुढचा चार्ज जवळजवळ तयार असतो. स्टिक पुढेच राहिली तर उतरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बटण आधी आणि दिशा नंतर. त्याने बसून मारलेला पंच निघतो. तसं होत असेल तर हेवी पंच दाबून धरा, स्टिक पुढे न्या आणि मग बटण सोडा. या गेममध्ये बटण सोडल्यावरही विशेष चाल निघते. दाबण्याची घाई होणाऱ्यांना सोडण्याने लय सापडते.

कुठला पंच, हा प्रश्न पुढे सतत येईल. हेवी पंचाचं हेडबट वेगवान असतं. लांबून समोरच्याची चुकलेली चाल पकडायला ते वापरा. लाइट पंचाचं सावकाश जातं, पण त्याच्या सुरुवातीचे काही क्षण होंडाला मार लागत नाही. उडी मारून येणाऱ्याला खाली आणायला, पडून उठताना आणि फायरबॉलमधून निसटायला हेच हवं. एकच हेडबट शिकायचं असेल तर हे शिका.

सावधान: हेडबट अडवलं गेलं की होंडा मागे उसळतो, थोडी एनर्जीही कापली जाते, म्हणून ते फुकटात मारता येतं असं वाटायला लागतं. पण एकामागून एक मारत राहिलात तर समोरचा तुमची लय ओळखतो. दर दोन हेडबटांमध्ये एकदा चार्ज भरलेला असूनही नुसते बसून राहा. समोरचा धीर सोडून उडी मारतो, आणि तुम्हाला तेच हवं असतं.

## ५. सुमो स्मॅश

खाली-मागे धरून चार्ज, मग वर आणि किक. होंडा उंच उडून बसकण मारत खाली येतो. लाइट किकने जवळ पडतो, हेवी किकने लांब.

इथे चूक बहुधा वेळेची नसून हेतूची असते. फायरबॉल दिसला की घाबरून स्मॅश मारला जातो, होंडा भलतीकडेच उतरतो आणि उतरताना मार खातो. स्मॅशचा मुख्य उपयोग समोरच्याच्या अगदी शेजारी उतरण्यासाठी आहे. ते आठव्या पायरीत येईल.

तपासा: स्मॅशऐवजी नुसती उडी निघते का? मग किक उशिरा पडते आहे. स्टिक वर पोचताना किक जवळजवळ सोबतच हवी.

## ६. हंड्रेड हँड स्लॅप

एकच पंच बटण भराभर दाबत राहा. लाइट पंचाने ही चाल सर्वांत सहज निघते, तिथूनच सुरुवात करा. तीन बटणांवर बोटं फिरवत बसू नका. एका बटणावर तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने आपटणं जास्त भरवशाचं.

स्लॅप सुरू करायला योग्य जागा म्हणजे समोरच्यापासून हातभर लांब, जिथे तुमचे सुरुवातीचे पंच त्याला लागत नाहीत. चाल सुरू झाली की पुढे धरून त्याच्यावर सरका. कोपऱ्यात सापडलेल्याला अडवत असतानाही एनर्जी गमवावी लागते, आणि राउंडच्या शेवटी तेवढ्यावर निकाल लागू शकतो.

सावधान: फायरबॉलवाल्यासमोर स्लॅप काढून पुढे सरकू नका. आणि पुढे सरकलात म्हणजे मागचा चार्ज गेला, हे लक्षात ठेवा. स्लॅप संपला की खाली-मागे.

## ७. ओइचो थ्रो

पुढेपासून सुरू करून खालून अर्धं वर्तुळ मागेपर्यंत आणि पंच: पुढे, खाली-पुढे, खाली, खाली-मागे, मागे. समोरचा जमिनीवर आणि जवळ हवा. या थ्रोतून सुटायची सोय समोरच्याकडे नाही. साध्या थ्रोच्या वेळी तो बटण दाबून मार कमी करून घेऊ शकतो, ओइचोच्या वेळी नाही.

नुसता पंच निघाला तर कारण या चारपैकी एक असतं:

१. अंतर जास्त होतं. या गेममध्ये चुकलेल्या ओइचोची वेगळी हालचाल दिसत नाही, सरळ पंच येतो. त्यामुळे दिशा चुकली की अंतर, हे पाहून कळत नाही. सराव मोडमध्ये समोरच्याला अगदी चिकटून आधी दिशा पक्की करा, मग अर्धं-अर्धं पाऊल मागे सरकत पल्ला मोजा.
२. समोरचा अजून तुमचा आधीचा पंच अडवण्याच्या झटक्यात होता. त्या काही फ्रेममध्ये कुणालाही उचलता येत नाही. लवकर केलेला ओइचो फुकट जातो.
३. सुरुवात पुढेपासून न होता खाली-पुढेपासून झाली. सतत खाली-मागे बसणाऱ्यांची ही ठरलेली चूक. आधी स्पष्टपणे पुढे जा.
४. समोरचा हवेत होता.

अर्धं वर्तुळ मागेवर संपतं, हे होंडाला फार सोयीचं आहे. पंच दाबल्यावर स्टिक तिथून हलवू नका, खाली-मागे सरकवून धरून ठेवा. थ्रोची हालचाल चालू असताना चार्ज भरत जातो आणि समोरचा उठेपर्यंत हेडबट हातात असतं.

साधे थ्रोही विसरू नका. जवळ असताना पुढे किंवा मागे धरून हेवी पंच दाबला की होंडा समोरच्याला कवेत घेऊन आवळतो. त्या वेळी स्टिक आणि बटणं जितकी जोरात हलवाल तितके जास्त वेळा तो आवळतो. समोरचाही सुटण्यासाठी तेच करत असतो, म्हणून हात थांबवू नका.

## ८. पाडल्यानंतरचा क्रम

होंडाने सामने जिंकायचे ते इथेच. तो हळू चालतो आणि समोरच्यापर्यंत पोचताना बरंच सोसतो. एवढं सोसून समोरच्याला पाडलं आणि मग मागे सरकून बसलात, तर कमावलेलं सगळं परत दिलंत. ओइचो असो, बसून मारलेली हेवी किक असो, समोरचा आडवा झाला की पुढचे दोन सेकंद तुमचे आहेत.

क्रम असा ठेवा.

१. पाडताच चालत जवळ जा. इथे मागचा चार्ज जाऊ द्या, जवळ असणं जास्त महत्त्वाचं आहे.
२. समोरचा उठतानाच त्याला लागेल असा बसून लाइट पंच मारा. लवकर मारला तर हवेत जातो, उशिरा मारला तर तोच तुम्हाला उचलतो.
३. पंच अडवला गेला तर क्षणभर थांबा. झटका ओसरायला हवा.
४. ओइचो.
५. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या पायरीतला थांबा शब्दांत सांगून येत नाही, कानांनी येतो. पंच अडवल्याचा आवाज ऐका, एक ठोका सोडा, मग पंच दाबा. अर्धं वर्तुळ त्या ठोक्यात फिरवायचं. सराव मोडमध्ये समोरच्याला सतत अडवायला लावून हा एकच क्रम पन्नास वेळा करा.

समोरचा शिकला की उठता उठता उलट मारा करू लागतो, र्‍यू-केनचे खेळाडू तर हमखास शोर्यूकेन (वर उसळत मारलेला पंच). अशा वेळी दुसऱ्या पायरीऐवजी शेजारी नुसते खाली-मागे बसून अडवा. त्यांचा शोर्यूकेन वर गेला की खाली येताना तो तुमचाच. हे एकदा केलंत की पुढच्या वेळी ते बिचकतात, आणि मग लाइट पंच व ओइचो पुन्हा चालतात.

दुसरा रस्ता स्मॅशचा. खालचा चार्ज असेल तर लाइट किकने समोरच्याच्या अंगावर उतरा. त्याने अडवलं तर तुम्ही त्याच्या शेजारीच उतरता. होंडा खाली येत असतानाच अर्धं वर्तुळ फिरवायला घ्या.

सावधान: स्मॅशमध्ये पलीकडच्या बाजूला उतरलात तर अर्धं वर्तुळही उलटं लागतं. ओइचो निघाला नाही तर आधी हे बघा. पलीकडे जाणं टाळायचं असेल तर स्मॅश अर्धं पाऊल लांबून काढा.

## ९. फायरबॉलवाल्यासमोर

होंडाची खरी कसोटी इथे आहे. र्‍यूसारखा खेळाडू लांब उभा राहून फायरबॉल टाकतो, तुम्ही पुढे उडी मारली की शोर्यूकेनने पाडतो आणि पुन्हा तेच. यात हरणारे बहुतेक जण पहिल्या पाच सेकंदांत पुढे उडी मारतात. ती सवय आधी सोडा.

१. लांब असताना जागेवरच सरळ वर उडी मारून फायरबॉल चुकवा. पाय जमिनीवरून सुटले की लगेच खाली-मागे धरा. उतरताना चार्ज बराच भरलेला असतो.
२. दोन फायरबॉलच्या मध्ये एक-दोन पावलं चाला आणि पुढचा अडवा. त्यात थोडी एनर्जी जाते, जाऊ द्या. उडी मारून खाल्लेल्या शोर्यूकेनपेक्षा हा सौदा कितीतरी स्वस्त आहे.
३. अर्ध्या स्क्रीनवर पोचलात की चालणं बंद. खाली-मागे बसा आणि चार्ज भरा.
४. फायरबॉल अगदी अंगाशी आला की लाइट पंचाचं हेडबट. सुरुवातीच्या त्या क्षणांत होंडा त्यातून निघून जातो. लवकर मारलंत तर त्यावर आदळाल.
५. हेडबट लागलं तर लगेच पुन्हा बसा. समोरचा आता कोपऱ्याजवळ आलेला असतो, तिथून त्याला बाहेर पडायला उडीच मारावी लागते. त्या उडीसाठी लाइट पंचाचं हेडबट भरून ठेवा.

चौथ्या पायरीत लोक हेवी पंच दाबतात, कारण वेगवान हेडबट चांगलं असं डोक्यात बसलेलं असतं. फायरबॉलसमोर ते उलटतं.

तपासा: एक पूर्ण राउंड पुढे उडी न मारता खेळा. हरलात तरी चालेल. शेवटी समोरचा कोपऱ्यापासून किती अंतरावर होता, ते पाहा. दर राउंडला तो कोपऱ्याजवळ जात असेल तर तुमची रीत बरोबर आहे.

## १०. ओनी मुसो

मीटर पूर्ण भरल्यावरच निघते. मागे चार्ज, मग पुढे, मागे, पुढे आणि पंच. साधं हेडबट निघालं तर मधलं ‘मागे’ पूर्ण गेलं नाही, असं समजा. मीटर भरला म्हणून लगेच उडवू नका. समोरच्याची मोठी चाल चुकण्याची वाट पाहा.

## ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये काय बदलतं

२०२३ च्या गेममध्ये हेडबट आणि स्मॅश चार्जवरच आहेत, त्यामुळे तिसरी पायरी जशीच्या तशी लागू पडते. हंड्रेड हँड स्लॅपसाठी मात्र बटण बडवायचं नाही: खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच. ओइचोचं अर्धं वर्तुळ तेच, पण शेवटी किक. जुन्या सवयीने पंच दाबणाऱ्यांचं तिथे नेमकं इथेच अडतं. लाइट पंचाच्या हेडबटचा वर सांगितलेला भरवसाही तिथे गृहीत धरू नका, सराव मोडमध्ये स्वतः पडताळा.

## सराव कोणासमोर

आधी झांगीफ. त्याच्याकडे फायरबॉल नाही, त्यामुळे चार्ज आणि हेडबटची लय निवांत बसवता येते. त्याच्याशी ओइचोच्या नादी लागू नका. त्याच्या फिरत्या थ्रोचा पल्ला मोठा आहे, लांबच राहा. मग ब्लँका, तिथे लाइट पंचाच्या हेडबटने उड्या पकडायला शिका. त्यानंतर केन. र्‍यू आणि गाइल शेवटी, आणि तेही नववी पायरी मनात मोजणी न करता जमायला लागल्यावरच.